हर्षालीच्या कागदाची शेवटची ओळ

रणधीरच्या पिकअपच्या मागच्या फळीवर देवाचं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, पोटच्या पोरीचंसुद्धा नव्हतं. पिवळ्या रंगात हातभर अक्षरं होती: हर्षाली, एम. एस्सी. रंगवताना नळदुर्गच्या पेंटरनं विचारलं, "मालक, ही कंची कंपनी?"

"कंपनी न्हाय, बहीण हाय माझी," रणधीर म्हणाला. "अक्षर आजून मोठं काढ. हैदराबादला चाललेल्या ट्रकवाल्याला बी वाचता आलं पाह्यजे."

अन् का वाचू नये? अणदूरच्या पलीकडं माळावर धनगरांची बारा घरं. त्या बारा घरांत दहावीच्या पुढं गेलेलं माणूस न्हाय. रणधीर स्वतः दहावीला दोनदा बसला अन् दोनदा उठला. आणि त्याच्या पाठची बहीण सोलापूरला जाऊन डोळ्याला न दिसणारे जीव मोजायला शिकली. असं दुसरं घर तालुक्यात कुणी दाखवावं, त्याच्या दारात सहा महिने फुकट दूध घालीन, अशी पैज रणधीरनं चहाच्या टपरीवर कितीदा तरी लावली. कुणी घेतली न्हाय.

मोजायची खोड तिला लहानपणापासनं. बाप बब्रुवान मेंढरं राखायचा, शेजारचा लिंबाजी तात्या त्याचा जोडीदार. सांजच्याला मेंढरं वाडग्यात शिरताना दोघं दोन अंगाला उभं राहून मोजायचे, अन् दोघांचा आकडा कधी जुळायचा न्हाय. एक दिवस आठ-नऊ वर्साची हर्षाली मधी उभी राहिली. बोटं न मोडता म्हणाली, "एकशे त्रेचाळीस. अन् पुढल्या दिवाळीला एकशे नव्वद व्हतील." लिंबाजी हसला. "कशावरनं गं, भविष्य सांगतीस व्हय?" तर पोरीनं काडी घेतली अन् मातीत मांडून दाखवलं. येवढ्या माद्या, त्यातल्या येवढ्या गाभण राहणार, येवढी पिलं मरणार, येवढी विकणार. पुढल्या दिवाळीला मेंढरं भरली एकशे शहाऐंशी. चाराचा फरक. तवापासून लिंबाजी तात्या तिला मास्तरीण म्हणायचा, अन् बाजारात भेटल त्याला ते चार मेंढरांचं सांगायचा.

ती सातवीत असताना बब्रुवान गेला. हायवे ओलांडताना ट्रकनं अकरा मेंढरं अन् बब्रुवान एकदमच घेतला. त्या सकाळी तो निघाला तवा बायको कस्तुराबाई रिती घागर कमरेवर घेऊन त्याच्या आडवी आली होती. नवऱ्याचं मरण तिनं त्या रित्या घागरीवर टाकलं, म्हणजे स्वतःवरच टाकलं. त्यापुढं त्या घरातनं रितं काही भाईर गेलं न्हाय. घागर निघाली तर तळाला ओंजळभर पाणी, डबा निघाला तर चिमूटभर पीठ, पिशवी निघाली तर चार दाणे जवारीचे. हर्षाली सोलापूरला जायची तवा तिच्या रिकाम्या पाकिटातसुद्धा माय साखर बांधून टाकायची. मुंग्या व्हायच्या. पोरगी त्या झटकून टाकायची, साखर तशीच ठेवायची.

बापामागं रणधीरनं मेंढरं विकली, म्हशी घेतल्या, वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून नळदुर्गच्या ढाब्यांना घालायला लागला. कस्तुराबाई म्हणायची पोरगी उजवून टाकू. लिंबाजी तात्या आडवा पडला. कस्तुराबाईचा मानलेला भाऊ तो, भाऊबीजेला दरसाल तिच्या पाटावर बसायचा. "कस्तुरे, ही पोरगी माझ्यापरीस बरी मोजती," तो म्हणाला, "हिला चुलीपुढं बसवलीस तर म्या तुझं ताट घेनार न्हाय." त्या साली भाऊबीजेला पाटावर बसूनसुद्धा त्यानं ताटाला हात लावला न्हाय, कस्तुराबाई हो म्हणेपर्यंत. शिकवायचं श्रेय तसं रणधीर स्वतःकडंच घ्यायचा. पण ताटाचं खरं हाय.

*

एम. एस्सी.च्या शेवटच्या साली हर्षालीला एक काम करून दाखवायचं होतं. तिनं घरचंच दूध घेतलं. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून ऊब धरली. उकळून कोरड्या केलेल्या बाटलीत ताजी धार घेतली, बाटली खोक्यात ठेवली, अन् दर तासाला त्यातला थेंब काढून, पाण्यात पुन्हा पुन्हा पातळ करून, काचेच्या झाकण्यांत गोठवलेल्या थरावर पसरायची. दुसऱ्या दिवशी त्या थरावर ठिपके उठायचे. एक जीव पडला तर त्याच्या पिलावळीचा एक ठिपका. ते ठिपके मोजायचे, कागदावर टिंब द्यायचं, टिंबाला टिंब जोडायचं.

लिंबाजी तात्या उंबऱ्यात बसून बघायचा. "मास्तरीण, ह्या मेंढराला शिंगं कुठं हायेत?"

"तात्या, तुमचा वाडा नव्या शिवारात उतरला तर पहिल्या दिवशी काय करता?"

मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसांचा मुक्काम म्हणजे वाडा. लिंबाजीची उमर त्यातच गेलेली. "काय करनार? दगड गोळा करायचे, चूल मांडायची, जाळी लावायची. पानी हुडकायचं."

"पिलं होत्यात का त्या दिवशी?"

"न्हाय गं. बिऱ्हाड तर लागू दे."

"तसंच हे. दुधात पडले की पहिल्यांदा बिऱ्हाड लावत्यात. वाढत न्हाईत. हा पहिला वखत." तिनं कागदावरची आडवी रेघ दाखवली. "मग पिलवायला लागले की अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार. ही रेघ बघा, कशी उभी गेली. मग चारा संपतो, रेघ पुन्हा आडवी. जेवढे जन्मत्यात तेवढे मरत्यात. आन् शेवटी आपल्याच घाणीत मरायला लागत्यात. रेघ खाली."

लिंबाजीनं लई येळ त्या रेघेवर बोट फिरवलं. "म्हंजे वाडाच हाय की हा," तो म्हणाला. "फक्त घाई लई."

हर्षाली तेवढ्यावर थांबली न्हाय. तिला ते पुढचं सांगता यायला पाह्यजे होतं, मेंढरांसारखं. ऊब वाढवून, कमी करून तिनं तीच मोजणी अकरा येळा केली, मग त्यावरनं सूत्र बसवलं: बाहेर ऊन किती हाय ते सांगा, दूध काढल्यापासून पहिला वखत किती टिकतो ते मी सांगते. चैत्राच्या उन्हाला तिचं उत्तर आलं तीन तास. तीन तासात दूध तापवलं तर धोका न्हाय. सोलापूरच्या सरांनी शाबासकी दिली. नळदुर्गला आण्णासाहेबांची डेअरी होती, दुधाची तपासणी करायची खोली तिथं नवी होत होती. आण्णासाहेबांनी कागद बघितला अन् म्हणाले, अक्षय तृतीयेपासून ही खोली हर्षालीनं सांभाळायची.

कागद साधा होता. वर रेघ, खाली उन्हाचा अन् तासाचा तक्ता, अन् सगळ्यात शेवटी तिच्या बारीक अक्षरात एक ओळ: ‘हे सगळं कॅन उकळत्या पाण्यानं धुऊन, पूर्ण रितं अन् कोरडं असेल तरच.’

रणधीरनं त्या कागदाच्या सहा प्रती काढून प्लॅस्टिकमधी मढवल्या, ढाब्या-ढाब्यावर टांगल्या. मढवणाऱ्याकडं प्लॅस्टिक आखूड पडलं. त्यानं खालची पट्टी दुमडली. रणधीरनं बघितलं. म्हणाला, चालतंय, आकडे दिसत्यात न्हवं. त्याच आठवड्यात त्यानं कॅनांना बर्फ लावायचं बंद केलं. "बर्फ अडाण्यांनी लावावा," तो ढाब्यावर सांगायचा. "आमच्याकडं हिशोब हाय."

हर्षालीनं त्याला बजावलं होतं. "दादा, धुतलेलं अन् रितं. दोन्ही."

"मायला सांगतो की."

मायला त्यानं सांगितलं, कॅन कढत पाण्यानं धूत जा. ती धुवायची, हात भाजेस्तोवर धुवायची. रितं ठेव, असं तो बोलला न्हाय. त्या घरात पहाटे, माणूस गाडी काढत असताना, उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या कस्तुराबाईपुढं तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. रणधीरला वाटलं, धुतलं म्हंजे रितंच की.

*

चैत्र निम्मा झाला होता. शंकरप्पांच्या नातीचं बारसं होतं. अणदूरच्या अंगाला त्यांची मोठी जमीन, दीडशे पान उठणार, बासुंदीचा बेत. दूध रणधीरकडून. सकाळी सहाला त्यानं वस्त्यांवरनं चार कॅन भरून घेतले अन् पावणेनऊला शंकरप्पांच्या मळ्यात उतरवले. लिंबाजी तात्याही त्याच्यासंगं पुढं बसून आला होता, जेवणाचं आवतण होतं.

शंकरप्पांनी कॅनावर हात ठेवला. "रणधीर, बर्फ दिसंना."

"कशाला पाह्यजे अप्पा? तीन तासाचा कागद हाय. पावणेनऊ झाल्यात. आजून पंधरा मिनटं तुमच्या हातात हायेत."

"तुझी बहीण दुधाला घड्याळ बांधती व्हय?"

"बांधती की. सोलापूरचं सर्टिफिकेट हाय."

आचाऱ्यानं नऊच्या आत कढई चढवली. रणधीर स्वतः बघत उभा होता, म्हणून ही गोष्ट तो आजसुद्धा कुणापुढंही शपथेवर सांगतो. दूध तास-दोन तास खळाखळा आटलं. एवढ्या आगीत कुठला जीव राहतो?

बारा वाजता पंगत बसली. लिंबाजी तात्यानं दोन वाट्या बासुंदी घेतली, तिसरी रणधीरनं आग्रहानं वाढली. अडीच वाजता पहिलं पोर ओकलं. आचारी म्हणाला ऊन लागलं. तीनला मांडवात बसायला जागा राहिली न्हाय, बायका ताटावर, बापे बांधावर, जो तो ओकत होता. पंधरा-वीस गाड्या तालुक्याच्या दवाखान्याकडं धावल्या. रणधीरच्या पिकअपमधी चौदा जण होते. मागच्या फळीवरचं नाव ओकारीनं भरलं होतं.

जवान माणसं सांजपर्यंत सावरली. लिंबाजी तात्या सत्तरीतला, अंगात पाणी उरलं न्हाय. त्याला सोलापूरला हलवला. गाडीत हर्षाली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, चमच्यानं मिठा-साखरेचं पाणी घालत होती, ते लगेच भाईर येत होतं. उळे गावाच्या पुढं कुठंतरी तो म्हणाला, "मास्तरीण, पिलवले गं हे लई." त्यानंतर बोलला न्हाय. सोलापूर दिसायला लागलं तवा त्याचा हात गार होता.

*

चार दिवसांत गावानं निकाल लावला. डेअरीवर, टपरीवर, दळणाच्या गिरणीत एकच बोलणं. पोरीच्या हिशोबानं म्हातारा मारला. ढाब्यांवरचे कागद उतरले. एका ढाबेवाल्यानं रणधीरला सांगितलं की मागल्या महिन्यात दोनदा दूध फाटलं होतं, तवा तू काय म्हणालास? रणधीरला आठवत होतं. भांडी तुझी घाण असतील, असं म्हणाला होता. पिकअपच्या फळीवर कुणीतरी डांबर फासलं. ‘एम. एस्सी.’ तेवढं वाचायला येत होतं. रणधीरनं रॉकेलनं घासलं, तर डांबर पसरलं अन् तेही गेलं.

तपासणीवाले साहेब येऊन गेले, पण बासुंदी आधीच खड्ड्यात पुरलेली. आण्णासाहेबांनी निरोप धाडला: शनिवारी डेअरीच्या ओट्यावर बैठक हाय, हर्षालीनं चार माणसांपुढं सांगावं काय झालं ते. हिशोब बराबर होता हे तिनं दाखवलं तर खोली तिची. न्हायतर, बाईचं नाव घेऊन डेअरी बुडवता येत न्हाय.

रणधीरचं एकच चाललं होतं. "दाखव त्यांना. तुझा हिशोब चुकूच शकत न्हाय."

"चुकू शकतो, दादा."

"मेंढराला चाराचा फरक पडला तुझा. चाराचा."

ती उठली. चारी कॅन कस्तुराबाईनं धुऊन उपडे ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत चढवायच्या आधी हर्षालीनं प्रत्येकात कापसाचा बोळा फिरवला अन् तो झाकण्यांतल्या थरावर ओढला. खोक्यातला बल्ब लावला. एका दिवसानं झाकण्या उघडल्या तर मोजायला जागाच नव्हती. थर सगळा भरलेला, अन् पातळ केलेल्या झाकणीत सोन्यासारखे पिवळे, फुगीर ठिपके. पिकलेल्या जखमेतले जीव असे उठतात, हे तिला ठाऊक होतं. मग बाहेर आली अन् चुलीपुढं बसलेल्या मायच्या हाताकडं बघितलं. डाव्या अंगठ्याला हळदीचं फडकं होतं. कडवळ कापताना विळा लागला होता, पंधरा दिवस झाले, पू धरला होता.

रणधीर भिंतीपलीकडं पिकअपचं टायर बदलत होता. त्याला सगळं ऐकू आलं.

"माय, कॅन धुतल्यावर त्यात काय टाकतीस का गं?"

"घोटभर दूध टाकते."

"कंचं?"

"सांजचं. गडव्यात काढून ठिवते चुलीपाशी. पहाटं चारीत जरा जरा वतते. तुझा दादा रिती भांडी घिऊन हायवेला जाईल व्हय? येकदा गेलं तेवढं बास झालं."

"तापवलेलं?"

"तापिवलेलं कसं चालल? ते मेलेलं दूध. शकुनाला निरसंच लागतं."

हर्षालीनं पुढं विचारलं, "बोटानं निपटून घेतीस गडवा?"

"मग? थेंब कशाला वाया घालायचा." कस्तुराबाईनं फडकं सोडून अंगठा दाखवला. "हे बरं हुईना गं. तात्या असता तर झाडपाला दिला असता."

टायरचा पाना रणधीरच्या हातात तसाच राहिला.

सांजच्याला बहीण गोठ्यामागं भेटली तवा तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. अंगठ्यातला पू दुधात गेला. चुलीपाशी रातभर ऊब मिळाली. पहाटेपर्यंत गडव्यात वाडा भरून वाहत होता. ते दूध कॅनात गेलं म्हणजे नवं बिऱ्हाड लागायचा प्रश्नच उरला न्हाय. भरलेल्या वाड्याला नवं शिवार दिलं. पहिला वखत तीन तासाचा नव्हता, तो नव्हताच. आणि हा जो जीव होता तो दुधात इख सोडतो. कढईत जीव मेला, इख मेलं न्हाय. उकळून ते जात न्हाय.

"म्हंजे तुझा कागद खरा हाय," रणधीर म्हणाला. त्याला एवढंच ऐकू आलं होतं. "शेवटची ओळ. रितं अन् कोरडं. लिहिलंय तू. मूळ कागद हाय माझ्यापाशी. शनिवारी आण्णासाहेबाच्या नाकापुढं धरतो."

"आन् मग इचारतील रितं का नव्हतं."

रणधीर गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसला.

"तात्यानं भाऊबीजेच्या ताटाला हात न लावता मला शाळंत धाडलं," हर्षाली म्हणाली. "मायला कळलं की तात्या आपल्याच हातानं गेला, तर ती त्या रातीपुढं जगणार न्हाय. नवरा तिनं आधीच आपल्या माथी घेतलाय."

"मग तुझ्या माथी घ्यायचं व्हय?"

"तुला दुसरी जागा दिसती का?"

त्याला दिसत होती. पट्टी दुमडताना त्यानंच ‘चालतंय’ म्हटलं होतं. मायला रितं ठेव म्हणून त्यानंच सांगितलं नव्हतं. ती जागा त्याला स्वच्छ दिसत होती, पण तिथं उभं राहून बोलायचं म्हणजे पुन्हा तेच, का सांगितलं न्हाय, काय टाकत होती, अन् कोण टाकत होती.

*

शनिवारी डेअरीच्या ओट्यावर साठेक माणूस होतं. शंकरप्पा खुर्चीत, आठवड्यात उतरलेले. आण्णासाहेबांनी कागद हातात घेतला. "बोला हर्षाली. तीन तास लिहिलेत. तीन तासाच्या आत कढई चढली, शंकरप्पा स्वतः सांगतात. मग काय झालं?"

रणधीर भिंतीला टेकून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याच्या बहिणीकडं बघत होते अन् त्याला तिथं असावंसं वाटत नव्हतं. मूळ कागद त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता, शेवटच्या ओळीसकट. तो काढायला दोन बोटं लागली असती.

हर्षाली उभी राहिली. "माझा हिशोब चुकला," ती म्हणाली. "चैत्रातलं ऊन मी कमी धरलं."

कुणी ओरडलं न्हाय. लोक असं काही ऐकायला आलेच होते, ते मिळालं. मागनं एकजण हळूच म्हणाला, "येवढं शिकून ऊन कळंना." शंकरप्पांनी मान खाली घातली. आण्णासाहेबांनी कागदाची घडी घातली अन् रणधीरकडं बघितलं.

"रणधीर, तुझं काय म्हणणं हाय? पंचक्रोशीत तूच सांगत फिरत होतास."

साठ माणसं वळली. रणधीरचा हात खिशापर्यंत गेला. दारात, बायकांच्या पुढं, कस्तुराबाई उभी होती. लेकीचं काय होतं ते ऐकायला चालत आली होती, अंगठा पदराखाली धरून.

"माझं काय न्हाय," रणधीर म्हणाला.

*

तपासणीची खोली दुसऱ्या कुणाला गेली. रणधीरचं दूध ढाब्यांनी बंद केलं, तो आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. मायचा अंगठा हर्षालीनं डॉक्टरकडनं चिरवून घेतला, तो भरला. लांबच्या एका वस्तीवरनं भरून आणायचे दोन कॅन तेवढे राहिले होते. ते निघताना कस्तुराबाई घोटभर दूध टाकायचीच. रणधीर ते घेऊन निघायचा. वस्ती ओलांडली की बाभळीपाशी गाडी थांबवायचा, दूध मातीत ओतायचा, संगं आणलेल्या कढत पाण्यानं कॅन विसळायचा, अन् रिते कॅन घेऊन पुढं जायचा. त्या बाभळीखाली मुंग्यांचं वारूळ झालं. साडेतीन वर्सं त्यानं असं केलं, त्याची बायको अन् पोरगी आरोही ह्यांनाही माहीत नव्हतं.

हर्षाली येडशीला गेली. ठेसनाजवळ एका मेडिकल दुकानात पुड्या बांधते. पोरांना ताप आला, जुलाब झाले की बायका तिलाच विचारतात, ती डॉक्टरकडं जा म्हणते, जास्त काही सांगत न्हाय. लग्नाच्या दोन जागा आल्या होत्या. दोन्हींनी गावात चौकशी केली अन् पुन्हा आल्या न्हाईत. कस्तुराबाईला त्याचं नवल वाटायचं. "येक हिशोब चुकला पोरीचा," ती शेजारणीला म्हणायची, "मानूस हाय, चुकतंय. पन तात्या गेला गं माझा." अन् भाऊबीजेला हर्षाली सुट्टीला आली की माय दोन पाट मांडायची, एक रणधीरला अन् एक तात्याच्या नावाचा, रिकामा. त्या रिकाम्या पाटावर ती साखर ठेवायची.

गेल्या मार्गशीर्षात कस्तुराबाई गेली. बिनआजाराची, झोपेत. काही कळायच्या आत गेली, अन् काही न कळता गेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रणधीर मूळ कागद घेऊन निघाला. आधी शंकरप्पांकडं, मग आण्णासाहेबांकडं, मग एकेका ढाब्यावर. शेवटची ओळ बोटानं दाखवून सगळं सांगितलं. घागर, गडवा, अंगठा, दुमडलेली पट्टी. आपलं ‘चालतंय’सुद्धा सांगितलं, लपवलं न्हाय. शंकरप्पांनी ऐकून घेतलं अन् घरात गेले. आण्णासाहेब म्हणाले, "म्हंजे पोरगी बराबर होती." मग म्हणाले, "साडेतीन वर्सं झाली की रं." ढाब्यांवर अर्धे मालक नवे होते, त्यांना लिंबाजी कोण ते सांगण्यापासनं सुरुवात करावी लागली.

मग तो येडशीला गेला. हर्षाली दुकानाच्या पायरीवर आली. त्यानं सांगितलं, सगळ्यांना सांगून आलो, तुझं नाव धुऊन आलो.

ती रागावली न्हाय. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्हंजे आता सगळ्या ढाब्यांवर मायनं तात्याला मारलं," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं न्हाय."

"तू कसं म्हटलंस ते कोण ध्यानात ठेवतंय, दादा?"

 रणधीरला वाटलं होतं ती रडंल, अन् तो तिच्या पाठीवर हात ठेवील. त्यानं पिशवी पुढं केली. आरोहीनं आत्यासाठी तूप धाडलं होतं. हर्षालीनं आत जाऊन तूप दुसऱ्या भांड्यात काढलं, डबा साबणानं धुतला, उपडा करून निथळवला, पुसला, अन् त्याच्या हातात दिला. अगदी रिता.

तो घेऊन रणधीर गाडीत बसला. परतीच्या वाटेवर नळदुर्गला त्याच पेंटरकडं गाडी लावली. पेंटरनं डांबराचा डाग खरडला. "काय लिहू मालक?"

"तेच. हर्षाली, एम. एस्सी."

"बाईंना विचारलंय का?"

रणधीरनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती न्हाय म्हणाली असती, हे त्याला माहीत होतं. हिशोब बराबर होता, हे एवढंच त्याच्याजवळ उरलंय, अन् ते तो कुणाला सोडणार न्हाय, तिलासुद्धा न्हाय. पेंटर अक्षरं काढत होता तोवर तो रिता डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. दोनदा त्याचा हात शेजारच्या शेंगदाण्याच्या गाड्याकडं गेला, डब्यात चार दाणे टाकावेत म्हणून. टाकले न्हाईत.